भायासमोरचा पदर

“मावशी, त्यांना बंद करायला सांगा.”

एवढंच ती म्हणाली. तिचा पदर मोटारीच्या पट्ट्यात गेला होता. पट्टा फिरत होता, पदर गळ्याभोवती आवळत तिला खाली ओढत होता, आणि तरी तिनं त्या माणसाला हाक मारली नाही. तो तिच्यापासून चार हातांवर पाठ करून उभा होता. तो तिचा भाया, म्हणजे नवऱ्याचा थोरला भाऊ. आमच्याकडं बाई भायाशी समोरासमोर बोलत नाही आणि त्याच्यापुढं डोक्यावरचा पदर खाली येऊ देत नाही. म्हणून जीव जायची वेळ आली तरी तिनं निरोप माझ्याकडंच दिला.

मी दाराशी झाडत होते. डाळ मिलच्या आवाजात तिचे शब्द मला ऐकू आले नाहीत, फक्त ओठ हलताना दिसले. पण तेच वाक्य ती दिवसातून कितीदा तरी मला सांगायची, त्यामुळं ओठांवरून कळलं. मी ओरडले, “बंद कर! अरे, बंद कर ते!”

तो वळला नाही. आधी त्यानं समोरच्या स्क्रीनवर बोट ठेवून मशीन बंद केलं. कॅमेऱ्याचं मशीन थांबलं, पण दाणे वर नेणाऱ्या पट्ट्याची मोटार वेगळी होती. ती चालूच राहिली. मग तो वळला, त्यानं बघितलं, धावला, आणि तिच्याजवळ जाऊन थांबला. दोन्ही हात पुढं केलेले, आणि थांबलेला. भावजयीच्या अंगाला हात कसा लावायचा म्हणून थांबला. पापणी लवते तेवढाच तो वेळ असेल. पण मी तो बघितला आहे.

“धर की रं तिला! कंबरंला धर!”

मग त्यानं धरलं. दाणे ओतायच्या लोखंडी हौदाच्या काठाला पाय लावून, तिला दोन्ही हातांनी कवळ घालून तो मागं रेलला. मोटारीचं लाल बटण दाराजवळच्या भिंतीवर होतं. मी ते दाबलं. त्यात माझी हुशारी काही नव्हती, मी तिथं उभी होते एवढंच.

पट्टा थांबल्यावर खोलीत जी शांतता झाली तशी त्या खोलीत मी कधी ऐकली नव्हती. तिचा चेहरा काळानिळा झाला होता. त्यानं तिला पोत्यावर टेकवलं आणि लगेच हात काढून घेतले. पोत्यांची सुतळी कापायचा विळा खुंटीला होता, तो घेऊन मी पदर कापला. ती श्वास घेते की नाही ते बघायला मी तिच्या तोंडाजवळ गाल नेला. घेत होती. घरघर लागल्यासारखा, पण घेत होती.

ती जगेल का, हे तेव्हा आम्हाला कळत नव्हतं. आणि जगली तर कोणतं काम करील, हे तर कुणालाच माहीत नव्हतं.

हे कसं झालं ते सांगायचं तर मशीन यायच्या आधीचं सांगावं लागेल.

कळंबच्या बाहेर ही मिल आहे. तूर आणि हरभरा घ्यायचा, भरडायचा, डाळ करायची आणि लांबच्या बाजाराला धाडायची. मी चौथीपर्यंत शिकले, मग लग्न, मग नवरा गेला आणि मी या मिलमध्ये डाळ निवडायला आले. निवडता निवडता म्हातारी झाले. बायकांची शेड वेगळी होती, मिलच्या घरापासून अंगण ओलांडून पलीकडं. पत्र्याखाली तागाची पोती अंथरून आम्ही रांगेनं बसायचो. पुढं सूप आणि ताट. काळा दाणा, ठिपक्याचा दाणा, खडा, टरफल, अख्खी राहिलेली तूर बाजूला काढायची. नवी बाई एकेक दाणा चिमटीनं उचलते. जुनी बाई तळहातानं डाळ पुढं सारत जाते आणि नको तो दाणा बोटांखाली आपोआप अडकतो. हे काम कुणी शिकवत नाही, दुसरीच्या हाताकडं बघत येतं.

लोकांना वाटतं हे काम फार कष्टाचं. कष्ट होतेच. कंबर जायची, दुपारनंतर डोळ्यांत पाणी यायचं, धुरळ्यानं खोकला यायचा. पण हात कामात आणि तोंड मोकळं, असं काम बायकांना दुसरीकडं मिळत नाही. कुणाच्या सुनेनं काय केलं, कुणाची शेळी व्याली, कुणाच्या नवऱ्यानं काय फोडलं, सगळं तिथं निघायचं. तान्हं लेकरू असलेली बाई कडेला बसायची, पाजत पाजत निवडायची. संध्याकाळी तुटक्या दाण्यांची चुरी ओंजळभर पदरात बांधून शेळीला न्यायची. मालकाला ते दिसायचं. तो तेवढ्यापुरता दुसरीकडं बघायचा.

मी त्या बायकांची मुकादम होते. म्हणजे कोण आली, कोण नाही, कुणाच्या ताटात खराब दाणे राहिले, हे बघायचं, आणि भांडणं लागली की दोघींनाही शिव्या द्यायच्या.

एके दिवशी मालक शेडमध्ये आला आणि आमच्यासमोर पोत्यावर बसला. बसला म्हणजे काहीतरी वाईट सांगायचं आहे हे आम्हाला कळलं. चांगलं तो उभ्यानंच सांगायचा.

“कॅमेऱ्याचं मशीन घेतोय,” तो म्हणाला. “दाण्याचा फोटो काढतं आणि खराब दाणा आपणच बाजूला टाकतं. लातूरकडच्या सगळ्या मिलवाल्यांनी घेतलं. आपल्या डाळीत ठिपका दिसला की व्यापारी पोतं परत धाडतो. मी नाही घेतलं तर मिल बंद करावी लागंल.”

“आन आमी?” एकीनं विचारलं.

तो पोत्याची सुतळी ओढत राहिला. तो वाईट माणूस नाही. वाईट असता तर कुणाच्या तरी हाती निरोप धाडला असता.

मशीन आलं. मिलच्या घरातच त्याला जागा केली. कपाटाएवढं उंच, पांढरं, पुढं स्क्रीन. बायकांनीच त्याला हळदीकुंकू वाहिलं, नारळ फोडला. मी विधवा म्हणून मला कुणी पुढं केलं नाही. मी मागं उभी राहून बघितलं आणि मला हसू आलं. जे आपल्याला उठवायला आलंय त्यालाच आपण ओवाळतोय, असं मी शेजारणीला म्हणाले. ती म्हणाली, “जावयाला बी ओवाळतूच की.”

मशीनबरोबर कंपनीचा एक माणूस पुण्याहून आला होता. त्याला वाटलं होतं आम्ही त्याच्यावर चिडून असू. तो फार जपून बोलत होता.

“मावशी, आत्ता याला काही कळत नाही. तुम्ही चांगले दाणे एका ताटात, ठिपक्याचे दुसऱ्या, तुटके तिसऱ्या असे वेगळे करून द्या. ते बघून बघून शिकेल.”

“म्हंजी साळंत घातलंय म्हणा की.”

“हो, तसंच.”

“पहिलीत बसवलंय का बालवाडीत?”

“अगं, दाखवून शिकतं का कुणी?” दुसरी म्हणाली. “आमच्या घरातल्याला लगीन झाल्यापासनं दाखवतीय म्या, अजून जेवल्यालं ताट उचलंना.”

तो माणूससुद्धा हसला. मग आम्ही बसलो आणि त्याला ताटं लावून दिली. एकजण हळूच म्हणाली, वाईट दाणे चांगल्यात टाकायचे का? मी म्हणाले, “टाक. पण मग माझ्या रांगेत बसू नकोस.” तिनं टाकले नाहीत. तिला जमलंही नसतं. इतकी वर्षं ज्या बोटांनी खराब दाणा बाहेर काढला ती बोटं तो आत टाकायला तयार होत नाहीत. आम्ही लावलेली ताटं मशीननं बघितली, चुकलं, परत बघितलं. चार-आठ दिवसांत ते नीट करायला लागलं. वरून डाळ पाण्याच्या धारेसारखी खाली येते, कॅमेरा तिच्याकडं बघतो, आणि खराब दाण्यावर हवेची फुंकर मारून त्याला बाजूला उडवतो. नुसतं फुर्र फुर्र ऐकू येतं. आमच्या सगळ्या रांगेचा दिवसभराचा माल त्यानं जेवायच्या सुट्टीआधी संपवला. खरं सांगायचं तर दुपारनंतर आमचे डोळे दमले की आमच्यापेक्षा त्याचं काम स्वच्छ निघायचं. खोटं कशाला बोलू.

मालक मला म्हणाला, “मावशी, दोघींना ठेवू शकतो. एक झाडझूड करायला, एक मशीनच्या हौदात पोती ओतायला. तुम्ही तर हाय. दुसरी कोण ते तुम्हीच सांगा.”

मी तिचं नाव सांगितलं. तिचं माहेर बेंबळीकडचं, रांगेत सगळ्यांत तरणी. सातवी शिकलेली, दोन मुली शाळेत, आणि नवरा टेम्पोवर जायचा पण एका गाडीवर टिकायचा नाही. पण मी त्यासाठी तिला निवडलं नाही. गरज तर सगळ्यांनाच होती, कुणाची कमी होती ते मला सांगा. तिला निवडलं कारण ती पोतं उचलू शकत होती.

“मावशे, तुला आमी दिसलोच न्हाय व्हय?” माझ्या बरोबरीची एक म्हणाली.

“दिसलीस. तुजी कंबर बी दिसली.”

ती बरेच दिवस माझ्याशी बोलली नाही. त्या बायकांतली कुणी खुरपायला जायला लागली, कुणी हायवेच्या हॉटेलात भाकऱ्या थापायला. ही बोलत नसलेली बाई लेकाच्या घरी बसली, आणि ती बसून खाते हे तिला दोन्ही वेळच्या जेवणाला ऐकवलं जायला लागलं. मशीननं कुणाचा जीव घेतला नाही. पण चार बायकांत बसायचं ठिकाण त्यानं घेतलं, आणि ते कुणी कशात मोजत नाही.

आता त्या खोलीत आम्ही तिघं राहिलो. मी, ती, आणि तिचा भाया.

तो मिलमध्ये जुना माणूस. दहावीपर्यंत गेलेला, आधी वजनकाट्यावर पोती चढवायला होता. स्क्रीन कशी चालवायची ते कंपनीच्या माणसानं त्याला शिकवलं. आधी ती शेडमध्ये आणि तो मिलच्या घरात असायचा, दिवसात कधी अंगणात गाठ पडली तर ती पदर ओढून तोंड फिरवायची, तो खाली मान घालून पुढं जायचा, संपलं. गावात त्यांच्या दोन चुली, पण घर एकच, सासू एकच. मशीन आलं आणि दोघं एका खोलीत दिवसभर आले. पोतं ओतायला ती त्याच्या समोरूनच यायची. हातात पोतं, आणि पदर तर डोक्यावर पाहिजे. अंगावर ती गुळगुळीत साडी. सुती पदर डोक्यावर बसतो, हा घसरायचा. ती पोतं टेकवायची, पदर ओढायची, परत पोतं उचलायची. तिचा त्रास वाचावा म्हणून तो बिचारा तिच्याकडं पाठ करून उभा राहायला लागला. तो चांगुलपणानंच पाठ करायचा, हे मला सांगितलं पाहिजे.

आणि दोघांच्या मध्ये मी.

“मावशी, त्यांना म्हणावं, दाणे कमी येतायत.” हे तो तिला.

“मावशी, त्यांना सांगा, पोतं फाटलं हुतं म्हणून उशीर झाला.” हे ती त्याला.

“ऐकलं का रं, पोतं फाटलं हुतं.”

“ऐकलं की.”

“मग मला कशाला सांगायला लावताय? मी काय तुमचा फोन हाय का?”

दोघंही गालात हसायचे, पण एकमेकांकडं बघून नाही. आणि परत तेच. एकदा मी दिवसभर मुद्दाम बोलले नाही. तर त्यानं स्क्रीनशी बोलल्यासारखं केलं, “दाणे कमी येतायत बरं का,” आणि तिनं पोत्याशी बोलल्यासारखं केलं, “आणतेय की बाई.” मी म्हणाले, झालात शहाणे.

आधी दाणे आमची वाट बघत पडलेले असायचे. चहा घेऊन या, लेकराला पाजून या, डाळ काही पळून जात नव्हती. आता मशीन आमची वाट बघायचं, आणि त्याला वाट बघणं येत नाही. हौद रिकामा झाला की स्क्रीन लाल व्हायची आणि पीं पीं करायची. ते ऐकलं की तो हैराण, तो हैराण म्हणून ती पळत. लांबून मालकाच्या फोनवरसुद्धा दिसायचं, म्हणे, मशीन किती वेळ मोकळं राहिलं. मालक काही बोलायचा नाही. पण दिसतंय एवढं माहीत असलं की माणूस आपोआप पळतो.

त्या दिवशी तूर ओली आली होती. ओल्या तुरीनं पट्टा तुंबला. दाणे वर नेणारा हा पट्टा म्हणजे वाट्या लावलेली लांब पट्टी, खालच्या हौदातून भरून घेते आणि वर नेऊन ओतते. मोटारीच्या बाजूला लोखंडी जाळी लावलेली असते. तुंबलेलं काढायला त्यानं मोटार बंद केली, जाळी खोलली, हात घालून चिखल झालेले दाणे काढले आणि जाळी भिंतीला टेकवली. तेवढ्यात स्क्रीन बोंबलायला लागली. बाहेर मालाची गाडी उभी. त्यानं मोटार चालू केली आणि स्क्रीनकडं गेला. जाळी भिंतीलाच राहिली. ती राहिली हे मीही बघितलं होतं. तिघांनीही बघितलं होतं. नंतर लावू, असं तिघांनाही वाटलं असणार.

ती पोतं घेऊन हौदापाशी आली. तेवढ्यात तो काहीतरी सांगायला माझ्याकडं वळला. वळला म्हणजे तिच्याकडंही त्याचं तोंड झालं. तिनं पोतं सोडलं आणि दोन्ही हातांनी पदर ओढला. ते बघून त्यानं परत पाठ केली. ओढलेल्या पदराचं टोक हवेत गेलं आणि खाली पट्ट्यावर पडलं.

बाकीचं मी वर सांगितलं.

मालकाच्या गाडीतून तिला दवाखान्यात नेलं. मागं तिचं डोकं माझ्या मांडीवर, पुढं भाया. गळ्याभोवती साल निघालेली, गळपट्टीचं हाड मोडलेलं, आणि पदर सोडवायला म्हणून तिनं जो उजवा हात घातला होता त्याच्या दोन बोटांचं बघवत नव्हतं. अर्धवट शुद्धीत तिचा डावा हात डोक्याकडं जायचा, पदर शोधत. पदर मी कापून टाकला होता. त्यानं मागं न बघता गळ्यातला टॉवेल काढून माझ्याकडं दिला.

“डोक्यावर टाका तिच्या.”

मी तो टॉवेल तिच्या बोटांना गुंडाळला. तिचा हात परत डोक्याकडं गेला, तेव्हा मी तो खाली दाबला. “ऱ्हाऊ दे गं. डोकं झाकायचं नंतर बघू, आधी जीव सांभाळ.”

कळंबहून तिला धाराशिवला हलवलं. दोन बोटं पेरापासून काढावी लागली. गळ्याच्या आतली सूज उतरेपर्यंत डॉक्टर काही सांगत नव्हते. मग एक दिवस म्हणाले, धोका टळला. तिचा आवाज मात्र बसला तो बसलाच. आजही ती घोगरं बोलते.

त्या दिवसांत सगळ्यांना एक भीती होती, सासू काय म्हणेल. भायानं भावजयीला कवळ घालून धरलं, बाहेरच्या गाडीवाल्यांनी दारातून बघितलं, गावात पोचायला वेळ लागत नाही. सासू माझ्याएवढीच म्हातारी, जिभेनं माझ्याहून तिखट. ती दवाखान्यात आली, खाटेजवळ बसली. थोरला लेक दाराबाहेर उभा होता, आत येत नव्हता.

“ये की आत,” ती म्हणाली. “धरलं म्हणून लाजतोस व्हय?”

त्यानं एक पाय आत टाकला.

“न्हाय धरलं असतंस तर म्या तुला उंबऱ्याच्या आत घेतलं नसतं. आन तू गं,” ती सुनेकडं वळली, “जीव चालला आन तू म्हणतीस त्यांना सांगा. त्यांना म्हंजी कुणाला? परमेसराला?”

सून रडायला लागली. सासूनं तिचं डोकं खाटेवर सारखं केलं आणि बरोबर आणलेली भाकरी आम्हाला काढली.

ती वाचली, तेव्हा दुसरी गोष्ट पुढं आली. मालकानं दवाखान्याचं सगळं बघितलं होतं, तिला कामावर परत घ्यायचंही त्याच्या मनात होतं. पण कोणत्या कामावर? मोडलेल्या हाडानं पोतं उचलता येणार नव्हतं. दोन बोटांवाचून निवडता आलंही असतं कदाचित, मी तशा बोटांची एक बाई बघितली आहे, ती आमच्याहून भराभर निवडायची. पण निवडायचं कामच राहिलं नव्हतं. पहिले दिवस असते तर मी तिला माझ्या शेजारी कडेला बसवली असती, अर्धं ताट दिलं असतं, आणि बाकीच्या बायकांनी कुरकुर करत तिचं उरलेलं ओढलं असतं. आमच्या रांगेत आजारी बाईचं असंच चालायचं. मशीनच्या शेजारी अर्धं काम नसतं. आहे ते पूर्ण, नाहीतर नाहीच.

मालक तेच मला समजावत होता. “मावशी, काय देऊ तिला करायला, तुम्हीच सांगा.”

तेव्हा काट्याजवळ उभा असलेला तिचा भाया म्हणाला, “स्क्रीनवर बसवा तिला. पोती मी ओततो.”

“आरं, तू ऑपरेटर,” मालक म्हणाला. “हमाली करतोस?”

“आधी काय करत हुतो?”

“आन तिला शिकवणार कोण?”

त्यानं टॉवेलनं तोंड पुसलं. मग म्हणाला, “मी.”

ती आली तेव्हा गळ्याला पट्टा होता. पदर आत खोवलेला आणि वरून नवऱ्याचा शर्ट, गळ्यापर्यंत बटणं लावलेला, शेतात बायका घालतात तसा. डोक्याला रुमाल मागं गाठ मारून घट्ट बांधलेला. मालकानं सांगून ठेवलं होतं, मशीनच्या खोलीत सुटा पदर चालणार नाही. मी तिला म्हणाले, “बरं झालं. डोकं बी झाकलं आन वढायला बी काही न्हाय.”

पहिल्या दिवशी तो माझ्याकडं बघून शिकवायला लागला. “मावशी, त्यांना सांगा, हिरवी रेघ...”

“मी चाल्ले झाडायला,” मी म्हणाले, आणि खरंच अंगणात गेले. सगळं मीच सांगितलं असतं तर तिला स्क्रीन कधी आली नसती, कारण मला स्वतःला त्यातलं ओ की ठो कळत नाही. बाहेरून ऐकत होते. मशीनची पीं पीं सुरू झाली. मग त्याचा आवाज आला, फार मोठ्यानं, जसा एखाद्या बहिऱ्याला सांगतोय.

“इथं दाब! इथं! न्हाय, खालचं!”

“हे?” तिचा घोगरा आवाज.

“त्येच!”

पीं पीं थांबली.

ती डाव्या हाताच्या बोटानं शिकली. महिन्याभरात तिला त्यातलं त्याच्याहून जास्त कळायला लागलं, असं तोच सांगतो, आणि सांगताना त्याला वाईट वाटत नाही. जाळी आता मोटारीला बोल्टनं कसून बसवली आहे. आणि हौद रिकामा झाला तर ती स्क्रीनचा आवाज बंद करते. पहिल्यांदा केला तेव्हा त्यानं घाबरून विचारलं, मालकाला फोनवर दिसंल की. ती म्हणाली, “दिसू दे. पाणी प्या आन मग वता.”

मध्यंतरी कंपनीचा माणूस परत आला होता. त्याच्याबरोबर बोलताना कळलं की नवीन मशीन येतंय, त्याला समोर बसणारं माणूस लागत नाही. ते आपलं आपण ठरवतं. मी विचारलं, “मग ही?” तो म्हणाला, “मावशी, ते माझ्या हातात नाही.” त्याचंही खरं होतं. त्यानं पुढं असंही सांगितलं की पुण्यात त्यांच्याच ऑफिसात जी पोरं दिवसभर दाण्यांच्या फोटोवर खुणा करायची, त्यांचं कामसुद्धा आता मशीनच करतं. मला त्या पोरांचं वाईट वाटलं. तीही निवडणारीच की.

मला मशीनचा राग नाही. माझ्या नातींनी दिवसभर वाकून काळे दाणे काढावेत असं मला वाटत नाही. आमचे डोळे त्यात गेले, ते काही भूषण नाही. पण मशीन आणताना खोली केवढी पाहिजे, वीज किती पाहिजे, हे सगळं विचारतात. त्या खोलीत कोण कोण उभं राहणार, कुणाचं कुणाशी काय नातं, कोण कुणाशी बोलत नाही, कुणाच्या अंगावर काय असतं, हे कुणी विचारत नाही. विचारलं असतं तर आमच्यातली कुठलीही बाई सांगू शकली असती. आणि मालकानं आधीच्या बायकांना बोलावून, घरी जा म्हणायच्या आधी, दुसरं काय येतंय तुम्हाला, एवढं विचारलं असतं तरी बरं झालं असतं. त्याला सुचलं नाही. मलाही नाही.

नवीन मशीन अजून आलेलं नाही. येईल तेव्हा येईल. ती रोज कामावर येते. मुलींची शाळा चालू आहे. भाया पोती ओततो, त्याची पाठ धरते आणि तो लवकर घरी जायला बघतो. मी झाडते, पण आता अर्धं अंगणच झाडते.

माझ्या रांगेतल्या दोघीजणी मधल्या काळात वारल्या, एक साखरेनं आणि एक अंथरुणाला खिळून. ज्या बाईची कंबर मला दिसली होती तीच ती दुसरी. बाकीच्या आहेत. त्या दिवशी मशीनच्या खोलीत होतो ते आम्ही तिघं, म्हणजे ती, तिचा भाया आणि मी, जिवंत आहोत.